टिकलीखालचा दिवा

“पाय बघ तुझा, पाय.”

पेट्रोलपंपावर, चार माणसांत, आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, माझ्या चपलेकडं बोट दाखवून बोलत होते. नळी धरलेला पंपावरचा माणूस, मागचे दोन मोटरसायकलवाले आणि त्यांच्या मागचा ट्रॅक्टरवाला, सगळे माझ्या पायाकडं बघायला लागले. पायाला सहावं बोट फुटल्यासारखं.

“सोमवारी भरलेली टाकी आणि आज गुरुवारी रिकामी?” मालक म्हणाले. “बावीस वर्षं एस.टी. चालवलीय मी. क्लचवर पाय ठेवून झोपलीस तर असंच होणार. गाडी पेट्रोल पीत नाही, तुझा पाय पितो.”

“माझा पाय क्लचवर नसतो.”

“मग परवा घाटात तीनदा बंद कशी पडली? नाचता येईना अंगण वाकडं.”

मोटरसायकलवाले हसले.  मीही बोलले, पण मनातल्या मनात, आणि ते इथं सांगण्यासारखं नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. आजऱ्यात आमचं मिरची कांडप आहे, तेव्हाही होतं. उन्हाळा लागला की गडहिंग्लजच्या बाजारातनं संकेश्वरी मिरची आणायची, भाजायची, कांडायची आणि लोकांच्या वर्षाच्या चटण्या करून द्यायच्या. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला सोळा घरी माझा मसाला जायचा. हे सगळं चालायचं आमच्या पांढऱ्या व्हॅनच्या जिवावर. आधी ती मालकच चालवायचे, ड्युटी नसली की. मग त्यांना काचबिंदू झाला. बाजूची नजर सगळी गेली, समोरचं तेवढं दिसायचं, नळकांड्यातनं बघितल्यासारखं. एस.टी. सुटली आणि व्हॅनही सुटली. दोन-तीन महिने गाडी दारात ताडपत्रीखाली झोपून होती. शेवटी मीच ताडपत्री काढली. जिला सायकल येत नव्हती ती मी सत्तेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन बसले. शेजारी कॉलेजची पोरं. ती मला काकू म्हणायची आणि मागनं हसायची. परीक्षेत त्यांतली दोघं नापास झाली, मी पास झाले.

दोन वर्षं चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. मालक शेजारी बसायचे आणि सांगायचे, आता दुसरा गिअर टाक, आता सोड, आता हॉर्न दे. मी ऐकायचे. बरं वाटायचं त्यांना. पण त्याआधीच्या दिवाळीपासनं गाडी बिथरली होती. चढाला मुकाट व्हायची, सिग्नलला थांबली की अंगात आल्यासारखी थरथरायची, आणि ॲव्हरेज तर असं घसरलं की बोलायची सोय नाही.

पंपावरनं आम्ही घरी आलो. मालक दारात उतरले आणि म्हणाले, “अक्षय तृतीयेला संग्राम येईल. गाडी घेऊन जाईल.”

संग्राम म्हणजे मालकांचा पुतण्या, कोल्हापूरला असतो.

“कुठं घेऊन जाईल?”

“त्याच्या घरी. त्याला पाहिजेच आहे. मी शब्द दिलाय.”

“आणि माझा मसाला? सावंतवाडीची सोळा घरं?”

“एस.टी.नं पाठव. आम्ही काय कमी पार्सलं नेली?”

“मला विचारायचं तरी.”

“गाडी माझ्या नावावर आहे, शालन,” ते म्हणाले आणि कठड्याला हात लावत लावत आत गेले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. अक्षय तृतीयेला आठ दिवस राहिले होते. गाडी गेली की मी पुन्हा कांडपाच्या शेडमध्ये, पुन्हा कुणाच्या तरी मागं, की बाबा तेवढी मिरची आणून दे. दोन वर्षांत मला एक सवय लागली होती. सकाळी सहाला काच खाली करून गडहिंग्लजच्या रस्त्याला लागायचं, एकटीनं. ते मला सोडवत नव्हतं. मसाला हे निमित्त.

रागारागात मी मागच्या दारातनं मिरचीची पोती ओढायला लागले. गाडी चालूच राहिली होती. एक पोतं निसटलं, ते धरायला वाकले तशी धुराच्या नळीजवळ माझं तोंड गेलं आणि मी थबकले.

आता माझं नाक कसलं आहे ते सांगते. शंभर किलो धण्यांत एक मूठ जास्त भाजली गेली तरी मला शेडच्या दारातनं कळतं. मालक म्हणायचे, हिला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. तर त्या धुराला जळक्या पेट्रोलचा वास नव्हता. कच्च्या पेट्रोलचा होता. मी नळीत बोट घातलं. बोट काळं झालं, दाट काजळी. स्टोव्हला हवा कमी पडली की पातेल्याच्या बुडाला बसते, तशीच. वारा कमी आणि रॉकेल जास्त, की पातेलं काळं. यात क्लच कुठं आला? क्लचवर पाय ठेवला म्हणून कधी पातेलं काळं होतं का?

मी तशीच गाडीत बसले आणि इलाहीभाईंकडं गेले.

इलाहीभाई मुजावर म्हणजे आमच्याकडचे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. तेव्हाच साठीच्या घरात होते. चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी त्या महिन्यात नवीन यंत्र आणलं होतं, गाडीला जोडून बिघाड सांगणारं, आणि ते जोडायला त्यांना कुणी गाडीच देत नव्हतं. लोकांचं म्हणणं, यंत्रानं काय कळतंय, हात लावून बघा. मी बोट दाखवलं, वास सांगितला. त्यांचा चेहरा असा उजळला की बस्स.

“वहिनी, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का समोर?”

“नाही हो. लागला असता तर दिसला नसता?”

त्यांनी स्टेअरिंगच्या खाली यंत्र खुपसलं. गाडीत बसले तशी सटासट तीन शिंका दिल्या. आमच्या व्हॅनमध्ये नवा माणूस बसला की शिंकतोच, सीटच्या शिवणीत मिरची भरलेली आहे. डोळे पुसत त्यांनी पडदा बघितला.

“हे तर म्हणतंय दिवा चालू आहे.”

“तुमचं यंत्र खोटं बोलतंय.”

“यंत्र खोटं बोलत नाही. हे बघा, दिवा लागल्यावर गाडी चार हजार तीनशे किलोमीटर चाललीय.” ते वाकले, स्टेअरिंगच्या मागच्या मीटरच्या काचेला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग अंगठ्याच्या नखानं काहीतरी खरवडलं. मरून रंगाची एक टिकली त्यांच्या नखावर आली. तिच्याखाली पिवळाधमक दिवा लागलेला होता.

इलाहीभाई पोट धरून हसले. “काखेत कळसा आणि गावाला वळसा. वहिनी, दिव्यालाच कुंकू लावलंत की.”

मीही हसले. काय करणार? घाम आला की कपाळाची टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवायची माझी सवय. आरशावर अशा सात-आठ असायच्या. म्हटलं, एखादी पडली असेल उडून. पण टिकली हातात घेतली आणि माझं हसू गेलं. तिला सोनेरी कड होती. ती मी फक्त भाऊबीजेला लावली होती. भावाकडनं येताना गाडीतच काढली आणि आरशावर, अगदी वरच्या कोपऱ्यात चिकटवली. आणि दुसऱ्या दिवशी हीच गाडी घेऊन संग्राम मालकांना कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला होता. वरच्या कोपऱ्यातली टिकली उडून स्टेअरिंगमागं बरोब्बर दिव्यावर बसत नाही. कुणीतरी ती बसवतं.

संग्राम. दिवाळीत किती गोड बोलत होता. काकू, तुमची गाडी मस्त आहे. काकू, दमता हो तुम्ही. वरून कीर्तन, आतून तमाशा. दिवा झाकायचा, गाडी बिघडू द्यायची, काकूला बदनाम करायचं आणि मग गाडी न्यायची. टिकली मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. अक्षय तृतीयेला त्याच्या तळहातावर ठेवायची, असं मी तिथंच ठरवलं.

“आता ऐका,” इलाहीभाई म्हणाले. ते असे तरतरीत झाले होते की साठीचे वाटेनात. “धुराच्या नळीत एक सेन्सर असतो. ऑक्सिजन सेन्सर. गाडीचं नाकच म्हणा. धुरात हवा किती उरलीय ते हुंगतो आणि इंजिनाला सांगतो. पेट्रोल जास्त झालं, कमी कर. कमी झालं, वाढव. तुमच्या गाडीचं नाक एकच सांगत बसलंय, हवा जास्त, हवा जास्त. मग इंजिन बिचारं पेट्रोल ओततंय.”

“म्हणजे पाय नाही?”

“पायाचा संबंध काय?”

“हे जरा मोठ्यानं म्हणा, इलाहीभाई.”

“पायाचा काही संबंध नाही,” ते मोठ्यानं म्हणाले. समोरच्या चहावाल्यानं वळून बघितलं.

पण त्यांना खात्री करायची होती. वायर उंदरानं कुरतडली असेल, नळीला भोक पडलं असेल, उगाच नाकाला दोष नको. सीट उलटून त्यांनी वायर बोटानं चाचपत शेवटपर्यंत नेली. धड होती. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडा आला नाही. मग मला यंत्र धरायला दिलं. पडद्यावर एक रेघ होती. चांगल्या गाडीत ती सारखी वर-खाली करते, ते म्हणाले. आमची तळाशी आडवी पडलेली.

“आता मी हवेच्या वाटेनं स्प्रे मारतो. जळणारा आहे. नाक जिवंत असेल तर रेघ उडी मारून वर जाणार. मेलं असेल तर हलणार नाही. बघत राहा.”

मी डोळ्याची पापणी हलवली नाही. त्यांनी स्प्रे मारला. इंजिन गुरगुरलं, गाडी हादरली, मागनं काळा लोट निघाला. रेघ तशीच. पुन्हा मारला. तशीच. गेलेल्या माणसाच्या नाकाशी कापूस धरतात, तसं आम्ही दोघं त्या रेघेकडं बघत होतो.

“गेलंय,” मी म्हटलं.

“इन्नालिल्लाह,” इलाहीभाई मयताला म्हणतात तसं म्हणाले, आणि आम्ही दोघंही इतके खूश झालो की चहावाल्यानं न सांगता दोन चहा आणले.

सेन्सर आजऱ्यात मिळणार नव्हता. कोल्हापूरहून मागवायचा, एस.टी.च्या पार्सलनं, तीन-चार दिवस लागतील.

घरी आले तेव्हा मालक रेडिओ लावून बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. नाक, रेघ, कापूस, पाय नाही. फक्त टिकलीचं सांगितलं नाही, ती संग्रामसाठी राखली होती. मला वाटलं, चकित होतील. निदान म्हणतील, अस्सं होय. ते रेडिओचं बटण फिरवत राहिले.

“यंत्र काहीही सांगतं,” ते म्हणाले.

“मग पैज लावा. सेन्सर बसवते आणि अक्षय तृतीयेला सकाळी सावंतवाडीला मसाला देऊन आंबोली घाट चढवून दाखवते. तुम्ही शेजारी बसा. एकदा जरी अडली तरी चावी मी स्वतः संग्रामच्या हातात देते.”

“आणि नाही अडली तर?”

“तर गाडी इथंच. आणि पंपावर जाऊन त्या माणसाला सांगायचं, हिचा पाय चांगला आहे.”

त्यांनी रेडिओ बंद केला. “घाट म्हणजे खेळ नाही, शालन.”

“मला माहीत आहे. दोन वर्षं चढतेय.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मला तेव्हा चिडका वाटला.

चार दिवस झाले, पाच झाले. मी रोज डेपोत. पार्सल नाही. सहाव्या दिवशी नाही. सातव्या दिवशी, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी, तीनच्या गाडीच्या कंडक्टरला मी धरलं. त्याला म्हटलं, बाबा, कोल्हापूरला फोन तरी लाव.

“कशाला?” तो म्हणाला. “तुमचं खोकं परवाच आलंय. मोहिते मामांनी नेलं की.”

मोहिते मामा म्हणजे आमचे मालक. डेपोत सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मी घरी कशी आले मला आठवत नाही. मालक दारातल्या कट्ट्यावर बसले होते, मांडीवर टॉवेल. टॉवेलखाली खोकं. उघडलेलं नव्हतं. माझी पावलं ऐकून त्यांनी टॉवेल बाजूला केला.

“हे तुझं आलंय.”

“परवा आलंय.”

“होय.”

“मग दिलं का नाही?”

“नाव वाचत बसलो होतो,” ते म्हणाले. “अक्षर बारीक आहे.”

दोन दिवस नाव वाचत बसले होते. मला काय काय बोलावंसं वाटलं. पण घड्याळात सव्वातीन झाले होते. मी खोकं उचललं आणि पळत सुटले.

इलाहीभाईंनी आधी इंजिन तापवलं. मग जुना सेन्सर सोडवायला पाना लावला. तो हलेना. गंज सोडवणारं तेल मारलं, थांबलो, पुन्हा पाना. हलेना. दोघं शिंकत होतो, तापलेल्या इंजिनावर सीटखालची मिरची जळत होती. त्यांच्या कपाळावरनं घामाचे ओघळ.

“जोर लावला आणि आटे गेले तर संपलं, वहिनी. मग नळीच बदलायला लागेल. ती काय उद्या येत नाही.”

“इंजिन गार झालंय थोडं. पुन्हा तापवा. झाकण घट्ट बसलं की आम्ही डबा गरम करतो.”

त्यांनी चावी फिरवली. दहा मिनिटं इंजिन चालवलं, बंद केलं आणि पाना लावून माझ्याकडं दांडा सरकवला. “तुमचा हात कांडपाचा आहे. झटका नाही, दाब.”

मी दोन्ही हातांनी दाब दिला. एक, दोन, श्वास धरला. काहीतरी कटकन वाजलं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, गेले आटे.

“सुटला,” इलाहीभाई म्हणाले.

तो हातात आला तेव्हा माझ्या करंगळीएवढं त्याचं टोक काजळीनं बुजलेलं होतं. एवढ्याशा वस्तूनं माझं सहा महिने नाव घालवलं होतं. नवा सेन्सर त्यांनी नवरीसारखा धरला, टोकाला बोट लागू दिलं नाही, आटे हातानं फिरवत बसवले, मग पाना. वायर जोडली, यंत्रावरनं जुनी नोंद पुसली. मी चावी फिरवली. समोरचे सगळे दिवे लागले, एकेक करून विझले. पिवळा राहिला. आणि मग तोही गेला.

पडद्यावर रेघ वर गेली, खाली आली, वर गेली.

“नाचतेय बघा,” इलाहीभाई म्हणाले, आणि खरंच, साठ वर्षांचा माणूस दुकानाच्या दारात मान डोलवायला लागला.

अक्षय तृतीयेला पहाटे उठून पुरण शिजवलं, नैवेद्य दाखवला, आंब्याचा रस डब्यात भरला आणि सहाला निघालो. घाट उतरणं सोपं. सावंतवाडीची सोळाही घरं अकरापर्यंत उरकली. मालक गाडीतच बसून होते. परतताना दाणोली सोडलं आणि चढ लागला.

“दुसरा टाक,” मालक म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. पण त्यांनी डोळे मिटले होते आणि डोकं काचेला लावलं होतं. झोपले नव्हते. ऐकत होते. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. गाडी मी मागेन तेवढं देत होती. जिथं मागच्या खेपेला बंद पडली होती ती जागा आली आणि मागं गेली. करवंदं विकणाऱ्या पोरींजवळनं आम्ही भर्रकन गेलो आणि मला मोठ्यानं गावंसं वाटलं.

“आवाज मोकळा झाला,” मालक म्हणाले.

“मग? पाय कुणाचा?”

“पाय चांगला आहे.”

“संध्याकाळी संग्रामसमोर म्हणा. मला त्याला अजून एक वस्तू द्यायचीय. दिवाळीत त्यानं माझी टिकली घेतली आणि—”

“संग्रामनं नाही,” मालक म्हणाले.

धबधब्याच्या अलीकडं एक वळण आहे, उभ्या चढाचं. आम्ही त्यात होतो.

“काय म्हणालात?”

“टिकली मी लावली. कोल्हापूरहून येताना निपाणीजवळ संग्राम गाडी चालूच ठेवून चहा प्यायला उतरला, तेवढ्यात दिवा लागला. तिथल्या एका मेकॅनिकला दाखवलं, तो म्हणाला सेन्सर गेलाय, गाडी चालेल पण पेट्रोल खाईल. संग्राम परत यायच्या आत मी आरशावरची टिकली काढून दिव्यावर बसवली.”

मी ब्रेक दाबला. तिथंच, वळणात, चढावर. हँडब्रेक ओढला.

“का?”

ते समोर बघत होते. समोर काचेवर ऊन पडलं होतं, त्यांना त्यातलं किती दिसत होतं कोण जाणे.

“या घाटात बावीस वर्षं घातली मी. आता तू चालवतेस आणि मी शेजारी पार्सलासारखा बसतो. मी म्हणतो दुसरा टाक, तर तू आधीच टाकलेला असतो. मला ऐकू येतं ते. मला वाटलं, गाडी कुरकुरली की तू कंटाळशील, आपोआप सोडशील. तू सोडेनास. मग पंपावर तसलं बोललो.” ते थांबले. “मला तुझा हेवा वाटला, शालन. दुसरं काही नाही.”

“आणि खोकं?”

“दोन दिवस मांडीवर घेऊन बसलो. फेकायला दोनदा उठलो होतो.”

मला भयंकर राग आला होता. सहा महिने मी रात्री पडल्या पडल्या आपला डावा पाय आठवत होते, की खरंच क्लचवर राहतो की काय. सहा महिने. आणि हा माणूस शेजारीच झोपत होता. मागनं एक टेम्पो आला, हॉर्न देत बाजूनं गेला.

“इथं का थांबवलीस?” मालक घाबरून म्हणाले. “इथनं गाडी उचलत नाही. आमच्या नव्या ड्रायव्हरांची इथं दातखिळी बसायची. मागं येईल ती.”

“येऊ दे. उतरायचंय का तुम्हाला?”

“नाही.”

“नीट सांगा. उतरा, मागनं एस.टी. येईल, तिनं या. नाहीतर बसा. पण पार्सल म्हणून नाही. मला नुसतं पार्सल नेता येत नाही.”

“बसतो.”

“मग तुमच्या एस.टी.त ड्रायव्हर कुणाच्या सांगण्यावरनं गाडी हलवायचा?”

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांचा उजवा हात वर गेला. दोरी नव्हती, हात हवेत चाचपडला. मग त्यांनी बोटाची अंगठी टपाच्या पत्र्यावर आपटली.

टण्. टण्.

कंडक्टरची डबल बेल, गाडी सोडायची. मी हँडब्रेक सोडला. गाडी एक बोट मागं आली नाही.

टिकली मी संग्रामला दिली नाही. तो संध्याकाळी आला, रस-पोळी जेवला आणि रिकामा गेला. काका म्हणाले, गाडी देत नाही, हिला लागते. तो बिचारा काहीच जाणत नव्हता, आणि मी त्याला आठ दिवस मनात शिव्या घातल्या होत्या, म्हणून त्याला किलोभर चटणी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी पंपावर मालक स्वतः खाली उतरले आणि त्या नळीवाल्याला म्हणाले, हिचा पाय चांगला आहे. तो माणूस बावळटासारखा बघत राहिला, तो सगळं विसरून गेला होता.

आता व्हॅन दुसरी आहे. मालकांना काहीच दिसत नाही, समोरचंसुद्धा. पण सकाळी सहाला ते माझ्याआधी गाडीत जाऊन बसतात. मी चावी फिरवते, समोरचे सगळे दिवे विझले का बघते आणि थांबते. वर अंगठी दोनदा वाजल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.